श्श्श्... गाणं चालू आहे!

बऱ्याच दिवसांत इथे काही टंकलं नाही. मधे दोन-तीन जणांनी विचारलंही, "काय गं, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नाही. पण नाना (म्हणजे माझे वडील) सप्टेंबरपासून आमच्याकडे आहेत, आणि घरात बोलायला हक्काचं माणूस असलं की लिहायला काही शिल्लकच राहत नाही. आज मात्र लिहायलाच हवं. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही नॅशव्हिलला जाऊन दीड-दोन तास तोंड मिटून बसून आलो, आणि त्या दीड-दोन तासांबद्दल मला बरंच बोलायचंय. :)

हंट्सव्हिलहून नॅशव्हिल म्हणजे गाडीने दोन तास. तिथे 'ब्लूबर्ड कॅफे' नावाची एक जागा आहे. १९८२ साली एमी कर्लंड नावाच्या बाईंनी ती सुरू केली, ती खरं तर खाण्यापिण्याची जागा म्हणून. वडील व्हायोलिनवादक, घरात संगीत, तेव्हा कोपऱ्यात एक छोटं स्टेज केलं. हळूहळू त्या स्टेजने कॅफेला गिळलं. आज लोक तिथे खातात-पितात, पण येतात ते गाणं ऐकायला. आणि तेही गाजलेल्या गायकाचं नव्हे, तर गाणं ज्याने लिहिलंय आणि चाल लावली आहे त्याचं, त्याच्याच तोंडून.

मी नानांना सांगितलं होतं, "फार प्रसिद्ध जागा आहे." त्यामुळे ते इस्त्रीचा शर्ट, वर कोट, अशा जय्यत तयारीत. प्रत्यक्षात आमची गाडी थांबली ती एका साध्या दुकानांच्या ओळीपुढे. आपल्याकडे कॉलनीच्या तोंडाशी किराणा-इस्त्री-झेरॉक्स अशी ओळ असते ना, त्याची अमेरिकन बहीण. त्यात निळ्या छपरीचं एक दार. आत जेमतेम नव्वद माणसं बसतील एवढी खोली, भिंतभर गाणाऱ्यांचे फोटो, खुर्च्या इतक्या चिकटून की कोट काढायचा तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

नानांनी एकवार सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर आपल्या स्टँडसमोरच्या खानावळीएवढं आहे."

स्टँड म्हणजे मिरजेचा एस.टी. स्टँड. नाना तिथे वाहतूक नियंत्रक होते. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागली आहे, हे माईकवरून जे गृहस्थ सांगतात, ते. त्यांच्याबद्दल पुढे येईनच.

तर ब्लूबर्डमधला प्रकार असा. खोलीच्या मधोमध चार खुर्च्या, एकमेकांकडे तोंड करून. त्यावर चार गीतकार, प्रत्येकाच्या हातात गिटार. आणि आपण सगळे त्यांच्या भोवती, इतके जवळ की माझा गुडघा एका गिटारवाल्या बाईंच्या पाठीला लागेल म्हणून मी तिरकी बसले होते. एकाने एक गाणं म्हणायचं, ते कसं सुचलं ते सांगायचं, मग पुढच्याची पाळी. बाकीचे तिघे वाटलं तर साथ करतात, वाटलं तर नुसते ऐकतात. याला ते 'इन द राउंड' म्हणतात. ही पद्धत इथे १९८५ मधे सुरू झाली. डॉन श्लिट्झ, फ्रेड नॉब्लॉक, थॉम स्कायलर आणि पॉल ओव्हरस्ट्रीट हे ते पहिले चौघे. स्टेज सोडून खोलीच्या मधे येऊन बसायचं, म्हणजे एका घरी जमलेले मित्र गातायत असं वाटेल, एवढीच साधी कल्पना. आता ती सगळ्या नॅशव्हिलभर चालते.

यातली नावं तुम्ही ऐकली नसतील. मीही नव्हती. पण 'नॉटिंग हिल' सिनेमातलं रोनन कीटिंगचं 'व्हेन यू से नथिंग ॲट ऑल' आठवतंय? आमच्या कॉलेजच्या पिढीने ते कॅसेट झिजेपर्यंत ऐकलं आहे. ते यातल्या ओव्हरस्ट्रीट आणि श्लिट्झ या दोघांचं. कीटिंगच्या आधी दहा-अकरा वर्षं, १९८८ मधे, कीथ व्हिटलीने ते गायलं होतं. दिवसभर बसून काही सुचेना, तेव्हा 'काहीच न बोलण्या'वरच त्यांनी गाणं केलं म्हणे. आणि हे श्लिट्झ, केनी रॉजर्सने १९७८ मधे गाजवलेल्या 'द गॅम्बलर'चे कवी, ते गाणं लिहिलं तेव्हा एका विद्यापीठात रात्रपाळीला कॉम्प्युटर ऑपरेटर होते. हे वाचून माझ्या आयटीतल्या नवऱ्याला विनाकारण आनंद झाला. :)

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे.

मूळ मुद्दा म्हणजे शांतता. ब्लूबर्डचा एकच कडक नियम आहे: श्श्श्! गाणं चालू असताना बोलायचं नाही. हा नियम तिथे पाटीवर आहे, सुरुवातीला तोंडी सांगतात, आणि तरी कुणी कुजबुजलं तर येऊन पुन्हा सांगतात. बशी आणणारी मुलगीसुद्धा दोन गाण्यांच्या मधे आणते. आपल्यासमोर माणूस गातोय, माईक अगदी नावापुरता, आणि नव्वद माणसांच्या खोलीत बर्फ ग्लासात सरकल्याचा आवाज येतो. मी बोलकी बाई आहे हे इथल्या वाचकांना ठाऊक आहेच. पहिली दहा मिनिटं मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. एका गाण्यातला एक शब्द नानांना सांगावासा वाटला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग ते सोपं झालं. बोलायचं नाही हे एकदा पक्कं ठरलं की डोकं दुसरं काही शोधत नाही. तिसरा गाणारा, टोपीवाला, साठीचा असेल. त्याने वडिलांच्या विकलेल्या ट्रकचं गाणं म्हटलं. ट्रक विकला, घेणारा तो चालवत निघाला आणि वडील फाटकापर्यंत त्याच्यामागे चालत गेले, एवढंच गाणं. तेवढ्यात, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला: "वा!"

नाना.

नव्वद माणसांनी मान वळवली. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. टोपीवाल्याने गाणं थांबवलं नाही, फक्त नानांकडे बघून मान लववली, अशी, जशी आपल्याकडे तबलजी समेवर दाद घेतो तशी. नंतर दोन गाण्यांच्या मधे त्याने विचारलं की हा आवाज कुठून आला, आणि नानांनी उठून, कोटाची गुंडी लावून सांगितलं, "इंडिया." लोक हसले, टाळ्या वाजल्या. नानांना पुढचा अर्धा तास अगदी पाहुणेमंडळींत बसल्यासारखं वाटत होतं.

परतताना गाडीत नवऱ्याचा आणि माझा वाद झाला. त्याचं म्हणणं असं: पैसे मोजून आत जायचं, वर खाण्यापिण्याचा किमान खर्च करायचा, आणि शाळेसारखं हाताची घडी तोंडावर बोट? हा माज आहे. शिवाय आपली परंपरा अशी नाहीच. आपल्या बैठकीत माणसं 'क्या बात है' म्हणतात, हात उडवतात, गाणाऱ्याशी बोलतात. गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, चर्चमधे गप्प बसलेले अर्धे लोक झोपलेले असतात.

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. त्या खोलीतही सगळेच कानसेन नव्हते. 'नॅशव्हिल' नावाची टीव्ही मालिका २०१२ ते २०१८ चालली, तिच्यासाठी या खोलीची हुबेहूब प्रतिकृती स्टुडिओत उभी केली होती. त्याशिवाय टेलर स्विफ्ट चौदा वर्षांची असताना, २००४ मधे, तिला इथेच एका माणसाने हेरलं आणि पुढे तिच्या रेकॉर्ड काढल्या, ही कथा जगाला माहीत. तेव्हा तिकिटं निघाली की काही मिनिटांत संपतात, आणि आलेल्यांत 'आम्ही जाऊन आलो' म्हणायला आलेले बरेच. आमच्या पुढच्या टेबलावरचं जोडपं गाणाऱ्यांपेक्षा भिंतीवरचे फोटोच जास्त बघत होतं. पण ते जोडपं बोलत नव्हतं! माझा मुद्दा तोच आहे. त्यांना गाणं आवडलं नसेल, तरी माझ्या नानांच्या कानात त्यांची कुजबुज आली नाही. ऐकण्याची सक्ती करता येत नाही हे खरं, पण दुसऱ्याच्या ऐकण्यात आड न येण्याची सक्ती करता येते, आणि ती करावी असं माझं ठाम मत आहे. आणि दाद? दादही त्या शांततेतच ऐकू जाते. नानांचा 'वा' त्या टोपीवाल्यापर्यंत पोचला तो इतर एकोणनव्वद लोक गप्प होते म्हणून.

हे मत कुठून आलं तेही सांगते, कारण ते काही अभ्यासातून आलेलं नाही.

दिवाळीत इथल्या एका मंडळाचा कार्यक्रम होता. (कुठल्या ते विचारू नका, आम्हाला इथेच राहायचंय.) नानांना दहा मिनिटं दिली होती, मुलांचे नाच आणि जेवण यांच्या मधली. नाना गाणी करतात. शब्द त्यांचे, चाल त्यांची. कंट्रोल केबिनमधे रात्रीच्या ड्यूटीला, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली. पुढे आईने ते कागद एका जाड वहीत डकवले. चाळीसेक गाणी असतील. आयुष्यभर हा माणूस माईकपुढे बसला आणि लोकांनी त्याच्या तोंडून फक्त फलाटाचा नंबर ऐकला.

दिवाळीला कुणाची तरी पेटी मिळवली, नाना बसले, काळी एक धरली, आणि गायला लागले. त्याच क्षणी मागच्या बाजूला जेवणाच्या ट्रेवरची चांदीची फॉइल काढायला सुरुवात झाली. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. मग रांग लागली. मग रांगेत गप्पा. गोल टेबलं होती, अर्ध्या लोकांची पाठच नानांकडे. मुलं फुगे फोडत होती. नानांनी पहिलं गाणं पूर्ण केलं, दुसऱ्याचं एक कडवं म्हटलं, पेटीचा भाता बंद केला आणि माईकवर त्यांच्या त्या स्टँडच्या आवाजात म्हणाले, "जेवण तयार आहे, कृपया लाभ घ्यावा." त्याला मात्र सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी कुठे होते? मी त्या ट्रेपाशी होते. पुरणपोळ्या मोजत. नाना गात असताना "अगं, प्लेट्स कुठे ठेवल्यात?" असं मीच दोनदा ओरडले, हे नंतर लेकीने काढलेल्या व्हिडिओत ऐकलं. नानांचा आवाज त्यात कमी आहे, माझा जास्त.

म्हणून मी मंडळातल्या कुणाला दोष देत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, त्यांच्याच घरी मी आजारपणात डबे खाल्लेत. गोल टेबलं, दहा मिनिटं, फॉइल आणि भूक, अशी मांडणी केली की तानसेन आला तरी हेच होणार. ब्लूबर्डमधली माणसंही काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांना कुणीतरी खुर्ची त्या बाजूला वळवून दिली आहे, आणि 'श्श्श्' म्हणायची लाज वाटत नाही असं कुणीतरी दाराशी उभं आहे. बस्स. ते 'कुणीतरी' होणं महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे तेच होत नाही, कारण पाहुण्याला गप्प बसा म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. गाणाऱ्यावर बोलणं मात्र वाटत नाही!

खरं तर गाणं लिहिणाऱ्याचा मान आपल्याकडे कमी नाही. आकाशवाणीवर गाणं लागायच्या आधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं घ्यायची, यावर आमच्या पिढीचे कान घडले. १९५५ मधे पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं तेव्हापासून गदिमा आणि बाबूजी ही दोन नावं आपण एका श्वासात घेतो. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून 'आयुष्यावर बोलू काही' करताना आपलेच शब्द, आपलीच चाल, आपलाच आवाज अशी हाउसफुल्ल नाट्यगृहं भरवली. म्हणजे नाट्यगृहात आपण ऐकतो. अडचण येते ती लहान जागेत, ओळखीच्या माणसांत. गाणारा ओळखीचा असला की तो गातोय हेच आपल्याला खरं वाटत नाही. आपलाच तर नाना आहे!

नॅशव्हिलला हे उलटं जमलं आहे, आणि त्यामागे नुसती रसिकता नाही, व्यवहारही आहे. तिथे नवं गाणं ऐकून कुणीतरी ते रेकॉर्ड करील ही आशा खोलीत असते. टोनी अराटा नावाच्या गीतकाराचं 'द डान्स' गार्थ ब्रूक्सने ब्लूबर्डमधेच ऐकलं, आणि १९९० मधे ते अमेरिकाभर वाजलं. तिकडे रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. पण फार भाबडंही व्हायला नको. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या मालकीहक्काचे म्हणून १९०९ पासून १९७७ पर्यंत फक्त दोन सेंट मिळत. २००६ ते २०२२ हा दर ९.१ सेंटवर अडकून होता, तोही गीतकार आणि प्रकाशक यांच्यात वाटून घ्यायचा. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला २०१२ उजाडलं. ब्लूबर्ड स्वतःसुद्धा २००८ मधे कर्लंडबाईंनी गीतकारांच्याच संघटनेकडे सोपवलं, नाहीतर आज तिथे एखादं नेल पार्लर असतं. भर वस्तीत नव्वद खुर्च्यांवर कुणी गडगंज होत नाही.

नानांना मी हे सगळं गाडीत सांगत होते. ते ऐकत नव्हते. त्यांचं वेगळंच चाललं होतं. म्हणाले, "तो टोपीवाला. त्याने दुसऱ्या कडव्यावर संपवायला हवं होतं. तिसऱ्यात त्याने समजावून सांगितलं."

मी म्हटलं, "नाना, तुम्हाला इंग्रजी एवढं कळलं?"

"शब्द नाही कळले सगळे. आवाज समजावण्याचा झाला." मग थोड्या वेळाने, अंधारात, "माझ्या त्या पुलाच्या गाण्याचंही तसंच झालंय. तिसरं कडवं उगाच आहे."

मंडळी, मला ते पुलाचं गाणं माहीत नव्हतं. पन्नाशीला आलेली मी मुलगी, वही आमच्याच कपाटात, आणि मला कुठलं पुलाचं गाणं ते माहीत नव्हतं. अर्जुनवाडच्या पुलावर पुरात अडकलेल्या गाडीचं आहे. मी घरी येऊन वाचलं. नानांचं बरोबर आहे, तिसरं कडवं उगाच आहे. पहिली दोन वाचून मात्र मी बराच वेळ स्वयंपाकघरातच उभी होते.

नानांनी तिथून निघताना विचारलं होतं, इथे कुणीही येऊन गाऊ शकतं का. दर सोमवारी नवख्यांसाठी असतं, गाणं स्वतःचं हवं, असं मी सांगितलं. "मग पेटी लागेल," एवढंच म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही. मी काढणार आहे, पण त्याआधी घरचा अभ्यास.

तर, येत्या शनिवारी आमच्या दिवाणखान्यात बैठक आहे. सतरंज्या घातल्यात, सोफा गॅरेजमधे ढकललाय, पेटी आणली आहे. बावीस माणसं मावतात, मोजून पाहिलं. नाना सहा गाणी म्हणणार आहेत, प्रत्येकाच्या आधी ते कुठल्या ड्यूटीवर सुचलं ते सांगणार आहेत. पुलाचं गाणं दोन कडव्यांचं. इथल्या जवळपासच्या वाचकांनी आणि शार्लटच्या आत्या-काकांनी हेच आमंत्रण समजावं, मिरजेची मंडळी लेकीच्या फोनवरून ऐकू शकतील (तुमच्या बाजूचा आवाज बंद ठेवा, विशेषतः दादा, तुझा प्रेशर कुकर). 'वा' म्हणायला पूर्ण परवानगी. बाकी बोलायचं असेल तर गॅरेजमधे सोफा आहेच.

दाराशी मी उभी असेन. वेफर्स आणू नका, पिशवीचा आवाज होतो. जेवण साडेनऊला, आणि फॉइल मी स्वतः काढणार आहे, शेवटचं गाणं संपल्यावर.